‘अनाथ’ शब्दाचा गुंता

ठाणे-नवी मुंबईत धर्मश्रद्धेतून निराधार मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेचं मूल्यपत्रक, म्हणजे ती कोणती मूल्यं पाळते हे सांगणारा कागद, हाती घेतलं, तर ‘कोणत्याही मुलावर धर्म लादला जाणार नाही’ हे वाक्य बहुधा वरच्या ओळींतच सापडतं. त्याची मुळं फार मागे जातात. १५५९ सालच्या पोर्तुगीज राजाज्ञेने गोव्यातली अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्याला कायद्याचं बळ दिलं. पुढे बाप वारलेलं मूल, आई हयात असली तरी, अनाथ धरलं जाऊ लागलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला आणि ते इथून गेले. सांभाळाच्या नावाखाली मुलांवर धर्म लादला जातो, हा संशय काही गेला नाही.

मधल्या काळात १९२४ चा मुंबई बालक कायदा आला आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही. केवळ धर्मशिक्षण किंवा पूजाअर्चा हा हेतू या दुसऱ्या कायद्याने ‘धर्मादाय’च्या व्याख्येबाहेर ठेवला. साहजिकच संस्थांच्या न्यासपत्रांत (ट्रस्ट डीडमध्ये) सेवा, शिक्षण, करुणा असे शब्द पुढे आले.

खरा घोळ आहे तो ‘अनाथ’ या शब्दाचा. १९७० नंतर सिडकोने नवी मुंबई हे शहर उभारायला घेतलं. दगडखाणींवर, नाक्यांवर, बांधकामांवर राबणाऱ्यांची मुलं वसतिगृहांच्या दारी आली, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांचे आईबाप जिवंत होते. कुणाची आई आजारी, कुणाचा बाप दारूत, कुणाचं घर बिऱ्हाडासारखं फिरतं. पाटीवर मात्र ‘अनाथाश्रम’. दात्याचा हात त्या शब्दाने खिशात जायचा, हे नाकारण्यात अर्थ नाही. आई दर रविवारी भेटायला येते आणि शाळेत आपल्याला अनाथ म्हणतात, हे ज्या पोराने सोसलं त्याला विचारावं.

२०१५ चा बाल न्याय कायदा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ म्हणतो. शब्द लांबलचक, पण नेमका. हळूहळू पाट्या बदलल्या, ‘बालगृह’ आलं, मूल्यांत ‘सन्मान’ आला. इथवर सरळ होतं. मग २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं आणि टाकून दिलेला शब्द प्रमाणपत्रावर परत आला. संस्थेने सन्मानापोटी जो शब्द पुसला, तोच अठरा पूर्ण झालेल्या मुलाला कागदावर हवा असतो. शिवाय बाल न्याय कायद्यात कायदेशीर पालक सांभाळायला असमर्थ असला तरी मूल ‘अनाथ’ ठरू शकतं. आरक्षणाचे निकष त्याहून अरुंद. एकाच खोलीत वाढलेल्या दोघांपैकी एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला नाही. माझ्या मते पाटीवरून शब्द काढणं योग्यच होतं. दाखल्यांच्या फायली मात्र वेळीच लावून ठेवायला हव्या होत्या.

दुसरा पेच ‘दारी आलेलं मूल परत पाठवायचं नाही’ या जुन्या बाण्याचा. आता चोवीस तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, न्यावं लागतं, आणि कायद्याच्या लेखी संस्था हा शेवटचा पर्याय, आधी घर. प्रार्थनेचंही तसंच. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेला बालहक्क करार सांगतो, की कुटुंबापासून दुरावलेल्या मुलाचा सांभाळ ठरवताना त्याच्या धर्माचा, संस्कृतीचा आणि भाषेचा विचार व्हावा. म्हणजे सकाळची प्रार्थना ऐच्छिक. पण सगळे हात जोडून बसलेले असताना सात वर्षांचं पोर उठून बाहेर जाईल का, हे मूल्यपत्रकात लिहिलेलं नसतं.