शेजाऱ्याचा नफाच का ऐकू येतो?

मुंबईचा शेअर बाजार गप्पांतूनच उभा राहिला. १८५०च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत, भाव तोंडी ठरत. पुढे १८७५मध्ये त्यांची संस्था झाली. आज सौदे मोबाइलवर होतात. डीमॅट खातं, म्हणजे शेअर्स ठेवायचं खातं, उघडायची हुक्की मात्र अजूनही लोकलमधल्या ग्रुपमध्ये नाहीतर सोसायटीच्या गणपतीतच येते.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. हाँग, क्युबिक आणि स्टाइन यांच्या २००४च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत शेजारीपाजारी मिसळणारी, चर्चला जाणारी कुटुंबं इतरांपेक्षा शेअर्सकडे जास्त वळतात. शिक्षण आणि संपत्ती सारखी असली तरी.

ओळखीचा माणूस आपल्याला नेमकं काय देतो, माहिती की चुरस? याचं उत्तर ब्राझीलमधल्या एका सुंदर प्रयोगात मिळतं. एका ब्रोकरेज कंपनीने मित्रांच्या आणि नातलगांच्या जोड्यांपुढे गुंतवणुकीची एक योजना ठेवली. पहिल्याने होकार दिला, तरी ती त्याला मिळेल की नाही हे सोडतीवर ठरणार होतं. दुसऱ्याला पहिल्याबद्दल काहीच सांगितलं नाही तेव्हा ४२ टक्के लोकांनी योजना घेतली. मित्राला ती हवी होती पण सोडतीत हुकली, हे कळल्यावर ७१ टक्क्यांनी. आणि मित्राला ती मिळाली आहे, हे कळल्यावर ९३ टक्क्यांनी! पहिली वाढ मित्राच्या पारखीवरच्या विश्वासाची. दुसरी ‘त्याच्याकडे आहे, मग माझ्याकडे का नको’ याची. मला या दुसरीची जास्त काळजी वाटते, कारण योजना चांगली की वाईट याच्याशी तिचा संबंधच नाही.

त्यात गप्पा एकतर्फी असतात. फिनलंडमध्ये कौस्टिया आणि क्न्युप्फर यांना आढळलं, की परिसरातल्या लोकांना नफा झाला की नवे लोक बाजारात येतात. तोटा झाला म्हणून मात्र कुणी बिचकत नाही. त्यांचा अंदाज असा, की लोक नफा सांगतात आणि तोटा गिळतात. म्हणून कुणी टिप दिली, तर त्याचे पैसे कुठे बुडाले हेही आवर्जून विचारावं.

बुडालेले थोडे नाहीत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४च्या अहवालानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावांवर लावलेल्या सौद्यांमध्ये, उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, सरासरी सुमारे २ लाख रुपयांनी.