कीहो, डोनाल्ड एडवर्ड

(२० जून १८९७ – २९ नोव्हेंबर १९८८). अमेरिकन वैमानिक, विमानविषयक लेखक व उडत्या तबकड्यांचे संशोधक. जन्म आयोवा राज्यातील ओटम्वा येथे. नौदल अकादमीतून १९१९ मध्ये पदवी घेऊन ते मरीन कोअर या नौदलाशी संलग्न लष्करी दलात अधिकारी झाले. ग्वाम बेटावर १९२२ मध्ये विमान कोसळून हात जायबंदी झाला. त्या सक्तीच्या विश्रांतीत ते लिहू लागले आणि पुढच्याच वर्षी सेवेतून निवृत्त झाले. अटलांटिक एकट्याने विनाथांबा ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या १९२७ मधील देशव्यापी विमानदौऱ्याची व्यवस्था त्यांनी पाहिली. फ्लाइंग विथ लिंडबर्ग (१९२८) हे पुस्तक त्यातूनच आले. पुढे स्वस्त मासिकांसाठी त्यांनी हवाई युद्धाच्या साहसकथाही लिहिल्या.

ट्रू मासिकाने १९४९ मध्ये तबकड्यांचा छडा लावण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. जानेवारी १९५० च्या अंकातील त्यांच्या लेखाने खळबळ उडाली आणि त्याच वर्षी द फ्लाइंग सॉसर्स आर रिअल हे पुस्तक निघाले. तबकड्या परग्रहावरच्या आहेत व हवाई दल ते दडवत आहे, हा निष्कर्ष त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

कीहोंच्या पद्धतीचे बळ आणि उणीव दोन्ही मँटेल प्रकरणात दिसतात. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल चकाकणाऱ्या वस्तूमागे पी-५१ लढाऊ विमान घेऊन चढत गेले. विमानात प्राणवायू नव्हता. सुमारे १५,००० फुटांपुढे विरळ हवेत शुद्ध हरपून ते कोसळले असावेत. ती वस्तू शुक्र ग्रह असल्याचा हवाई दलाचा खुलासा कीहोंनी फेटाळला, आणि ते योग्यच होते : भरदिवसा शुक्र इतका ठळक दिसत नाही. मात्र सर्वांत पटणारे उत्तर नौदलाच्या स्कायहूक या अतिउंचीवरील संशोधन-बलूनचे आहे. हा प्रकल्प तेव्हा गुप्त होता. दडवादडवीचा कीहोंना आलेला वास अगदीच खोटा नव्हता. दडवलेली गोष्ट मात्र पृथ्वीवरचीच होती.

अनुभवी वैमानिकाची साक्ष त्यांना जवळजवळ निर्णायक वाटे. पण वस्तूचा खरा आकार ठाऊक नसेल, तर नुसत्या डोळ्यांनी तिचे अंतर ठरत नाही, आणि अंतराशिवाय वेगही निघत नाही. २० किमीवरचा ३० मी. रुंदीचा बलून आणि २ किमीवरची ३ मी.ची वस्तू सारखीच मोठी दिसते. उड्डाणाचा सराव कितीही असला तरी ही अडचण सुटत नाही.

कीहो १९५७ मध्ये ‘निकॅप’ (नॅशनल इन्व्हेस्टिगेशन्स कमिटी ऑन एरिअल फिनॉमिना) या तबकड्यांचा तपास करणाऱ्या खाजगी संस्थेचे संचालक झाले. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे पहिले संचालक हिलेनकोटर तिच्या नियामक मंडळावर होते. परग्रहवासी भेटल्याचे दावे करणाऱ्यांना कीहोंनी दूर ठेवले. या विषयाला जी काही प्रतिष्ठा लाभली, तिचे मोठे श्रेय या शिस्तीला द्यावे लागते. २२ जानेवारी १९५८ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात ते मंजूर संहिता सोडून बोलू लागताच त्यांचा आवाज बंद करण्यात आला. संस्थेने १९६४ मध्ये सातशेहून अधिक घटनांचा अहवाल काँग्रेस सदस्यांना पाठवला. हवाई दलाच्या पैशाने तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या काँडन समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर (१९६९) सभासद आणि पैसा आटला व डिसेंबरमध्ये कीहोंना पद सोडावे लागले.

एलियन्स फ्रॉम स्पेस (१९७३) या अखेरच्या पुस्तकात त्यांनी निर्जन जागी खास रचना उभारून तबकड्यांना उतरण्यास प्रवृत्त करण्याची योजना मांडली. ती अमलात आली नाही. व्हर्जिनियातील न्यू मार्केट येथे त्यांचे निधन झाले.