‘मूल’ खाली बसतं, ‘शरीर’ उभंच राहतं

पाचवीच्या वर्गात फळ्यापुढे दोन मुली उभ्या आहेत. एकीच्या गळ्यात ‘मू’ची पाटी, दुसरीच्या ‘ल’ची. तेवढ्यात ‘ला’ची पाटी घेतलेला मुलगा धावत येऊन रांगेला चिकटतो. ‘ल’ हात वर करून काना दाखवते आणि ‘मू’ मटकन खाली बसते. दीर्घाचं ह्रस्व झालं : मुलाला. मग ‘लाकूड’ येतं. तिथे ‘कू’ला आपला उकारच काढून द्यावा लागतो : लाकडाला. शेवटी येतं ‘शरीर’. ‘ला’ येऊन उभा राहतो, पण ‘री’ जागची हलत नाही : शरीराला. मागच्या बाकावरून हमखास ओरड येते, “बाई, ही का नाही बसली?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षं आहेत.

मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाला ही अडचण कधी आलीच नाही. कागदावर आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं. ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, शब्द तोडून लिहायची रीत नव्हती आणि आजची विरामचिन्हंही नव्हती. वाचणारा संदर्भाने अर्थ लावून घ्यायचा. छापखाना आला, शाळांची पुस्तकं देवनागरीत छापली जाऊ लागली, तेव्हा एकच शब्द सगळीकडे एकसारखा लिहिण्याची गरज निर्माण झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली आलं. पुढे मेजर कँडींनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुळवली. म्हणजे स्वल्पविराम आपल्याकडे तसा अलीकडचाच पाहुणा. पोथ्यांमध्ये होते ते फक्त दंड.

खरी गोम पुढे आहे. मराठी बोलताना इकार-उकार किती लांबवला हे कोणी मोजत नाही, त्याने अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे ‘नीट ऐक, मग लिही’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. कान साथ देत नाही, म्हणून नियम पाठ करायचा आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा, हीच पद्धत रुजली. मोरो केशव दामल्यांचा 1911 सालचा ग्रंथ नियमांची कारणं शोधणारा होता, पण वर्गात पोचल्या त्या व्याख्याच.

खेळाची वाट दुसरीकडून आली. मारिया माँटेसरींनी शब्दांच्या जातींना आकार आणि रंग दिले होते. नाम म्हणजे काळा त्रिकोण, क्रियापद म्हणजे लाल वर्तुळ. चिठ्ठीवर ‘उडी मार’ वाचायचं आणि उडी मारायची, की क्रियापद अंगात भिनलं. त्या स्वतः 1939 साली मद्रासच्या अड्यारला आल्या, पण त्यांचा विचार त्याआधीच भावनगरात गिजुभाई बधेकांकडे पोचला होता. तिथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो मराठी मुलुखात आणला. नूतन बालशिक्षण संघ 1926 साली स्थापन झाला, 1945 साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू झालं आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडचं.

हे काम डोंगराएवढं होतं, पण त्याचा भर बालवाडीवर होता. ह्रस्व-दीर्घाचे नियम सुरू होतात ते त्यानंतर, आणि नेमक्या त्याच वयात मुलांना हात बांधून बाकावर बसवलं गेलं. माझ्या मते आपल्या भाषाशिक्षणातली सगळ्यात मोठी फट हीच.

मधल्या काळात नियम सुटसुटीत झाले. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम शासनाने 1962 साली स्वीकारले, 1972 साली आणखी 4 जोडले. ‘नांव’, ‘पांच’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘कविवर्य’ मात्र ह्रस्वच राहिला. शिकवण्याची रीत तेवढी जुनीच राहिली.

ती हलू लागली 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि कृतीतून, शोध घेत शिकणं हे कायद्याच्याच शब्दांत आलं. ‘ज्ञानरचनावाद’, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच घडवतं हा विचार, जिल्हा परिषदेच्या शाळांत रोजचा शब्द झाला, फरशीवर अक्षरचक्रं रंगवली गेली. दहावीला भाषेची प्रश्नपत्रिका जाऊन कृती करायला लावणारी कृतिपत्रिका आली. ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘लेखननियम’ म्हटलं जाऊ लागलं, याचा मला विशेष आनंद आहे. ‘अशुद्ध’ म्हटलं की घरची बोली बोलणारं मूल आधीच मान खाली घालतं.

फरशीवर खडूने लिहिलेला उतारा चालत वाचण्याचा खेळही सोपा आहे. स्वल्पविरामाला क्षणभर थांबायचं, पूर्णविरामाला दोन्ही पाय जुळवायचे, प्रश्नचिन्हाला वर्गाकडे वळायचं. चिन्ह नसेल तर थांबायला जागाच नाही. धापा टाकत शेवटाला पोचलेलं मूल स्वतःच खडू मागतं.

आणि ‘री’ का बसली नाही? कारण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आला, तो तत्सम. ‘तत्सम’ ही व्याख्या वर्गाला इथेच पहिल्यांदा हवीशी वाटते. बाई पुढच्या पाट्या वाटतात : ‘दूध’ आणि ‘जीव’. आता कोण बसणार, हे मुलंच ओरडून सांगू लागतात.