गाडी खाली बसवण्याआधी स्प्रिंगचा हिशोब

चाकणच्या कारखान्यातून 2022 पर्यंत बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो अजूनही हौशी चालकांची लाडकी आहे. त्यांना खुपते ती टायर आणि मडगार्डमधली फट. आपले रस्ते बघून कंपनीने गाडी उंच ठेवली, पोटाखाली सुमारे 165 मिलिमीटर जागा सोडली. मग कुणीतरी सुचवतं, ‘लोअरिंग स्प्रिंग टाक. गाडी तीन सेंटिमीटर खाली बसेल आणि वळणावर पकड वाढेल.’ गाडी खाली बसते हे खरं. पकडीचं जरा तपासून पाहू.

वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. माणसांसकट गाडी 1200 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांत 146 सेंटिमीटर अंतर धरू. गाडी जोरात वळवली, म्हणजे बाजूचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मं झालं, तर सुमारे 226 किलो भार सरकतो. गाडी 3 सेंटिमीटर खाली आणली तर 214. फायदा फक्त बारा किलोंचा! स्प्रिंग कडक केल्याने झुकणं कमी होतं, पण सरकणारा एकूण भार जवळपास तेवढाच राहतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जातो, एवढं मात्र स्प्रिंग ठरवते. पुढची बाजू प्रमाणाबाहेर कडक झाली तर गाडी वळणावर बाहेर पळू लागते.

आणखी एक गंमत आहे. गाडी एका काल्पनिक बिंदूभोवती कलते. पोलोच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले उभे खांब. या रचनेत गाडी खाली बसली की चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, म्हणजे आर्मचा, उतार बदलतो आणि तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ लांबते. नव्या स्प्रिंगच्या कडकपणातला काही भाग हे नुकसान भरून काढण्यातच खर्ची पडतो.

खरी किंमत मात्र चाकाच्या हालचालीत मोजावी लागते. खड्ड्याच्या काठावर चाक वर उसळतं, तेव्हा त्याची हालचाल अडवणाऱ्या रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत त्याला 70 मिलिमीटर जागा आहे असं समजा. गाडी 30 मिलिमीटर खाली आली की उरले 40. स्प्रिंग किती ऊर्जा पचवते, ते या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. तेव्हा पूर्वीइतकाच धक्का पचवायचा तर स्प्रिंग तिप्पट कडक हवी. तशी गाडी रोज कोण चालवेल? 30 टक्के कडक स्प्रिंग घातली तर पूर्वीच्या जेमतेम 42 टक्के ऊर्जा पचते, बाकीचा दणका बंप स्टॉपवर. भर वळणात हे घडलं तर त्या चाकाचा कडकपणा क्षणात कितीतरी वाढतो आणि पकड सुटू शकते. गाडी 15-20 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नये असं मी म्हणतो ते यासाठी.

गतिरोधकाची भीती त्यामानाने कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. पोलोची पुढची-मागची चाकं एकाच वेळी त्यावर मावतात आणि पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटरच घटते. गाडी घासते ती गल्लीत कुणीतरी रातोरात ओतलेल्या अरुंद उंचवट्यांवर, तीही चार माणसं बसल्यावर.

स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली आणणारे अजून भेटतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो (12 ऐवजी 13 मिलिमीटरची तार घेतली तर 38 टक्के) आणि वेढे कमी केल्यानेही वाढतो. सहा कार्यरत (प्रत्यक्ष दबणाऱ्या) वेढ्यांतला एक कापला की कडकपणा 20 टक्क्यांनी वाढतो. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर उचलल्यावर स्प्रिंग सैल होऊन जागची हलू शकते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगची लांबी हे टाळण्याइतकी राखलेली असते.

शॉकअपचं काय? स्प्रिंग 30 टक्के कडक झाली की गाडीच्या उसळीची वारंवारिता 1.3 हर्ट्झवरून 1.5 च्या आसपास जाते आणि जुन्या शॉकअपची शमनशक्ती (उसळी थांबवण्याची ताकद) तुलनेने 12 टक्के कमी पडते. नवीन शॉकअप एवढा फरक सोसतात. 60-70 हजार किलोमीटर झालेले असतील तर स्प्रिंगबरोबर तेही बदलावेत.

खरेदीआधी आरटीओत विचारून घ्यावं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. परवानगीचा प्रश्न सुटला तर मेकॅनिकला एक सांगावं: आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, जॅकवर असताना नाही. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट करायचं आणि हेडलाइटचा झोतही तपासायचा.