पोथीपूजन (गोवा)

शारदीय नवरात्रात, सरस्वतीपूजनाच्या दिवशी, पोथ्यांची व विद्यासाधनांची पूजा करण्याची गोमंतकीय हिंदूंची प्रथा. बासनातल्या पोथ्या पाटावर रचतात, वर मुलांची दप्तरे चढतात. गंध, फुले, आंब्याचे टाळे वाहतात. उत्तरपूजेपर्यंत पुस्तक उघडायचे नाही, हा नियम मुले विशेष निष्ठेने पाळतात. पूजेतल्या पोथ्या बहुधा मराठी: ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’.

प्रथा गोव्यापुरती नाही. तिला इथे वेगळा संदर्भ मिळाला तो पोर्तुगीज राजवटीमुळे. १५१० नंतर, आणि विशेषतः सोळाव्या शतकाच्या मध्यापासून, तिसवाडी, बार्देस व साष्टी या ‘जुन्या काबिजादीं’त, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळे मोडली गेली आणि धर्मग्रंथ जप्त झाले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला व कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, म्हणजे तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रूज महालात, नेण्यात आला. मूर्तींसोबत पोथ्याही नदीपार गेल्या असाव्यात.

जप्त ग्रंथांतले काही मिशनऱ्यांनी खंडनासाठी व भाषाभ्यासासाठी रोमन लिपीत उतरवून घेतले. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयातली क्रमांक ७७१, ७७२ व ७७३ ची हस्तलिखिते ही त्यांपैकी होत. त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते गोमंतकीय भाषाभ्यासक मारियानु साल्दान्य यांनी. ७७३ मध्ये मराठी पद्यरचना आहेत. त्यांतली केळशीच्या कृष्णदास शामाची ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ अंतर्गत कालनिर्देशावरून साधारण १५२६ ची मानतात. उरलेल्या दोहोंत रामायण-महाभारताच्या गद्यकथा आहेत. त्यांची भाषा कोकणी की मराठीची बोली, हा वाद जुना आहे. पण क्रियापदांची रूपे पाहता पहिला पक्ष बळकट वाटतो. कर्तृत्वाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. कोकणीचे काही अभ्यासक या कथाही कृष्णदासाच्याच मानतात. परंतु एका हस्तलिखितातले कर्त्याचे नाव दुसऱ्याला लावण्यास तेवढा आधार पुरत नाही. निरूपणकाराच्या तोंडून ऐकून त्या लिहून घेतल्या असाव्यात, हे मत सावध म्हणून अधिक ग्राह्य ठरते. ज्यांनी ग्रंथ हिरावले त्यांच्याच दप्तरात त्यांचा पाठ टिकला, एवढे मात्र निर्विवाद.

पोथीची ओढ धर्मांतरितांतही उरली होती. इंग्रज जेझुइट धर्मगुरू टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) एक ब्राह्मण विचारतो, की मागली पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग कवीने रचलेला मानला, तरी निकड खरी असावी. उत्तर म्हणून आलेला ग्रंथही ओवीबद्धच आहे.

निर्बंध ग्रंथांपुरते नव्हते. इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मबाह्य आचारांची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती न्यायासनाच्या (१५६०–१८१२, मध्ये काही वर्षे खंड), १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्ती घरांच्या आवारात तुळस लावण्यास मनाई केली.

१९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकानंतर धार्मिक निर्बंध सैलावले. पणजीचे सरस्वती मंदिर (१९१०) व मडगावचे गोमंत विद्या निकेतन (१९११) या संस्था त्याच सुमारास उभ्या राहिल्या. प्राथमिक शाळांतून मखर घालून सरस्वतीची मूर्ती पूजण्याचा आजचा प्रघात बहुधा याच काळानंतरचा असावा.