नेपाळी अभिमान कोठे घडला

बुद्धाचा जन्म नेपाळात झाला, सगरमाथा (एव्हरेस्ट) नेपाळात आहे, नेपाळ कधीही कोणाचा गुलाम झाला नाही आणि गोर्खाली शिपायासारखा शूर शिपाई दुसरा नाही, ही चार विधाने नेपाळमध्ये शाळकरी मुलापासून मंत्र्यापर्यंत कोणाच्याही तोंडी ऐकू येतात. यांतले एकही आजच्या पिढीच्या कर्तबगारीविषयी नाही, अशी टीका नेपाळी लेखक स्वतःच करत आले आहेत. पण हा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा चालत आलेला आहे असे समजणेही चूक ठरेल. त्याची जुळवाजुळव प्रामुख्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली आहे, आणि तिचा बराचसा भाग नेपाळच्या सीमेबाहेर, बनारस व दार्जिलिंग येथे पार पडला.

पृथ्वीनारायण शहा १७४३ मध्ये गोरखा या लहानशा डोंगरी राज्याच्या गादीवर आले आणि १७६८-६९ मध्ये त्यांनी काठमांडू, पाटण व भक्तपूर जिंकले. त्या काळी ‘नेपाळ’ म्हणजे काठमांडूचे खोरे. राज्य गोरख्याचे होते, भाषेलाही पुढे दीर्घकाळ ‘गोरखा भाषा’ म्हणत, आणि प्रजेची निष्ठा राष्ट्र नावाच्या कल्पनेवर नव्हे, तर गादीवर होती. ईस्ट इंडिया कंपनीशी १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या युद्धात या राज्याचा पराभव झाला. सुगौलीच्या तहाने कुमाऊँ, गढवाल आणि तराईचा (डोंगरपायथ्याच्या सपाट भूमीचा) मोठा पट्टा हातचा गेला. तराईचा काही भाग पुढे परत मिळाला.

शौर्याची कीर्ती याच पराभवातून निघाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डेहराडूनजवळच्या नालापानी येथे बलभद्र कुंवर यांनी स्त्रिया-मुलांसह सुमारे सहाशे माणसांनिशी किल्ला लढवला; त्या चढाईत जनरल गिलेस्पी ठार झाला, आणि नंतर इंग्रजांनीच तेथे आपल्या मृतांसोबत या शत्रूच्या नावाचाही स्मृतिस्तंभ उभारला. युद्ध पुरते संपण्याआधीच, १८१५ मध्ये, कंपनीने गोर्खा पलटणी उभ्या करण्यास सुरुवात केली. स्वतः बलभद्र पुढे लाहोरला रणजितसिंहाच्या चाकरीत गेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या लढाईत मारले गेले. परदेशी फौजेत नोकरी करणाऱ्याला नेपाळीत आजही ‘लाहुरे’ म्हणतात, तो शब्द या लाहोरवरूनच आला. थोडक्यात, ज्याला राष्ट्रवीर मानले जाते तो स्वतः आरंभीच्या लाहुऱ्यांपैकी एक होता. (मराठीत तर ‘गुरखा’ हा शब्द रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणाऱ्या पहारेकऱ्याचे सामान्यनाम होऊन बसला आहे.)

कधीही गुलाम न झाल्याची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. १८४६ मध्ये ‘कोत पर्व’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरबारी हत्याकांडातून जंगबहादुर राणा सत्तेवर आले आणि १९५१ पर्यंत राणा घराण्याने कारभार केला. १८५७ च्या उठावात जंगबहादुरांनी इंग्रजांना फौजेची मदत केली आणि बदल्यात १८६० मध्ये पश्चिम तराईचा काही प्रदेश परत मिळवला. त्याच वेळी पराभूत नानासाहेब पेशवे आणि बेगम हजरत महल यांना आसरा शोधण्यासाठी नेपाळकडेच जावे लागले. काठमांडूत १८१६ पासून ब्रिटिश रेसिडेंट (इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) होता, आणि पूर्ण स्वातंत्र्याला ब्रिटनची स्पष्ट मान्यता १९२३ च्या तहाने मिळाली. स्वातंत्र्य टिकले हे खरेच, पण ते टिकण्यात इंग्रजांच्या सोयीचाही वाटा होता.

देशात कर्तबगारीला वाव किती होता, हे एका प्रसंगावरून कळते. १९२० मध्ये कृष्णलाल अधिकारी या सरकारी नोकराने मक्याच्या शेतीवर एक पुस्तक लिहिले. त्यातील काही वाक्ये राणा राज्यकर्त्यांवरील टोमणे मानली गेली, प्रती नष्ट करण्यात आल्या आणि लेखकाचा तुरुंगातच अंत झाला. नेपाळी इतिहासात याला ‘मकै पर्व’ म्हणतात. ज्या बुद्धाच्या जन्मस्थानाचा आज जप चालतो, त्याच्या धर्माचे भिक्षू १९२६ आणि १९४४ मध्ये याच राजवटीने देशाबाहेर काढले होते. लुंबिनीचा अशोकस्तंभ तर १८९६ मध्येच उजेडात आला होता.

म्हणूनच मोकळेपणाने लिहिणारी माणसे बाहेर गेली. मोतीराम भट्ट यांनी बनारसहून कवी भानुभक्तांचे नेपाळी रामायण छापून त्यांना आदिकवीच्या आसनावर बसवले. दार्जिलिंगमध्ये चहाच्या मळ्यांवर व पलटणीत आलेले राई, लिंबू, तामाङ, गुरुङ या जमातींच्या मातृभाषा वेगवेगळ्या होत्या, आणि बंगाली शेजाऱ्यांसमोर ताठ मानेने उभे राहण्यासाठी त्यांना एक भाषा व सामाईक पूर्वज हवे होते. १९२४ मध्ये तेथे नेपाली साहित्य सम्मेलन स्थापन झाले. धरणीधर कोइराला, पारसमणि प्रधान आणि सूर्यविक्रम ज्ञवाली यांनी त्याची धुरा वाहिली. ज्ञवालींनी लिहिलेली गोरखा राजांची व सेनानींची चरित्रे म्हणजे पुढील ‘वीर इतिहासा’चा पाया होय. निर्वासिताची आणि स्थलांतरिताची ती खरी गरज होती. तिला पोकळ बढाई म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पोकळपणा नंतर आला. १५ डिसेंबर १९६० रोजी राजे महेंद्र यांनी बी. पी. कोइराला यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले, पक्षांवर बंदी घातली आणि कोइरालांना सुमारे आठ वर्षे तुरुंगात ठेवले. १९६२ च्या पंचायती (पक्षविरहित, राजाच्या हाती सत्ता ठेवणाऱ्या) संविधानाने नेपाळ हिंदू राज्य ठरले आणि दोन त्रिकोणी पताकांच्या ध्वजाचे प्रमाण-माप निश्चित झाले. वर्तमानाविषयी बोलणे धोक्याचे असलेल्या या राजवटीला दार्जिलिंगचा तयार भूतकाळ आयताच उपयोगी पडला. १९७१ च्या नव्या शिक्षण योजनेने तो देशभरातील वर्गांत पोहोचवला. बुद्ध, सीता, जनक, कलावंत अरनिको, भानुभक्त, पृथ्वीनारायण आणि बलभद्र ‘राष्ट्रिय विभूती’ म्हणून एका माळेत ओवले गेले. शेर्पांच्या चोमोलुंग्माला ‘सगरमाथा’ हे नाव इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी सुचवले होते. तेही याच काळात रूढ झाले. कवी भूपी शेरचन यांनी तेव्हाच, आपण शूर आहोत पण बुद्धू आहोत, अशा आशयाची बोचरी कविता लिहिली.

१९९० नंतर या वारशाच्या वाटपावरच प्रश्न उभे राहिले. पृथ्वीनारायणांनी काठमांडू खोऱ्यातले कीर्तिपूर जिंकल्यावर तेथील लोकांची नाके कापल्याची कथा खोऱ्यातल्या मूळच्या नेवारांच्या स्मरणात होती, आणि तराईतल्या मधेशींना तर वीर इतिहासात जवळजवळ जागाच नव्हती. तरीही बाहेरून कोणी बुद्ध किंवा सीमा यांविषयी काही बोलले की जुनी जखम उघडी पडते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी काठमांडूच्या संसदेत बुद्धाच्या भूमीचा गौरव केला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या, त्या याच कारणाने.

१६ जानेवारी २०२१ रोजी जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या उंच के-टू शिखरावर पहिली हिवाळी चढाई करणारे दहाही जण नेपाळी होते. शेवटची काही पावले ते एकत्र, राष्ट्रगीत गात चालले. ते गीत राजाची स्तुती करणारे जुने नव्हे, २००७ मध्ये स्वीकारलेले नवे होते. दहांपैकी नऊ शेर्पा होते. दहावे निर्मल पुर्जा, मगर समाजातले, ब्रिटिश सैन्यातील माजी गोर्खा.