हाडापासून टाळीपर्यंत: स्केट्सची तीन घराणी

स्केट्स निवडताना मापाच्या आधी एक प्रश्न येतो: बर्फावर नेमके करायचे काय? फिगर (गिरक्या-उड्यांचे), हॉकी आणि स्पीड (शर्यतीचे) ही तीन घराणी आज एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत, पण मूळ पुरुष एकच आणि तो हाडाचा.

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर युरोपात लोक घोड्या-बैलांची हाडे पायाला बांधून गोठलेली तळी ओलांडत. हाडाला धार नसते, त्यामुळे पायाने रेटा देता येत नसे. काठी टेकत टेकत सरकावे लागे. मध्ययुगात नेदरलँड्समध्ये लाकडी तळाला लोखंडी पाते बसले. धार बर्फात रुतू लागली आणि काठीची गरज संपली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वात मोठा बदल हाच.

पुढची कित्येक शतके पाते पट्ट्यांनी बुटाला बांधलेले असे आणि ऐन वळणावर सैल होई. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन नर्तक जॅक्सन हेन्सने ते बुटालाच पक्के केले, तेव्हा नाचासारख्या गिरक्या शक्य झाल्या. गंमत म्हणजे आज ‘ॲक्सेल’ नावाने ओळखली जाणारी उडी नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सेनने १८८२ साली व्हिएन्नात घेतली, तीही स्पीड स्केट्स घालून! फिगर स्केटच्या टोकाचे दाते आज अशा उड्यांच्या कामी येतात. हॉकीच्या पात्याला दाते नसतात. ते दोन्ही टोकांना गोलावलेले असते, कारण तिथे क्षणात वळावे लागते. स्पीडचे पाते लांब, सरळ आणि जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे. फिगरचे साधारण चार मिलिमीटर. नेदरलँड्समध्येच विकसित झालेल्या क्लॅप स्केटमध्ये पाते पुढच्या बिजागरीवर असते. टाच उचलली तरी ते बर्फावर टिकते आणि परत मिटताना टाळीसारखा आवाज करते. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये या स्केट्सवर जुने विक्रम धडाधड मोडले.

कपड्यांची कथा जास्त वादाची. १९०२ मध्ये ब्रिटिश स्केटर मॅज सायर्स पुरुषांबरोबर फिगरच्या जागतिक स्पर्धेत उतरली आणि दुसरी आली. लगेच स्त्रियांना मज्जाव झाला. लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, हे त्यामागचे एक कारण. सायर्सने झगा पोटरीपर्यंत आखूड केला, तर पुढे नॉर्वेची फिगर स्केटर सोन्या हेनी हिने गुडघ्यावरचा झगा आणि पांढरे बूट रूढ केले. स्पीडमध्ये १९७० च्या दशकात चाळिशी उलटलेला स्विस स्केटर फ्रान्झ क्रीनबूल अंगाला चिकटलेला अखंड पोशाख घालून आला. लोकरीचे स्वेटर घालणारे प्रतिस्पर्धी आधी हसले, मग त्यांनीही तोच शिवून घेतला. फिगरमध्ये एकेरी खेळणाऱ्या स्त्रियांना पँट घालण्याची मोकळीक मिळायला मात्र २००४ साल उजाडावे लागले.